आदल्या रात्रीचे घोडे

शर्यतीच्या आदल्या रात्री कोणताही घोडा हरत नाही, असे माझे काका म्हणत असत. त्या वेळी मला हे वाक्य म्हणजे एखाद्या नादी माणसाने स्वतःच्या समाधानासाठी शोधून काढलेली पळवाट वाटे. आज ऐंशीच्या उंबरठ्यावर बसून मागे पाहतो तेव्हा वाटते, काकांना आयुष्यात जे काही निर्भेळ सुख मिळाले ते त्या आदल्या रात्रींतच मिळाले. त्याची किंमत काय आणि ती कोणी भरली, हे मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळे.

१९६२ साली मी कोकणातून मुंबईस कॉलेजात शिकावयास आलो आणि काकांच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत माझी वळकटी येऊन पडली. काका एका गिरणीच्या हिशेबखात्यात कारकून होते. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, चहाखेरीज दुसरे व्यसन नाही, कोणाशी चढ्या आवाजात बोलणे नाही. चाळीतली माणसे भांडण मिटविण्यासाठी त्यांना बोलावीत. पण नोव्हेंबर उजाडला, पुण्याचा हंगाम आटोपून घोडे महालक्ष्मीला आले, की या गृहस्थाच्या चालण्यात काही निराळीच लय येई. एप्रिलपर्यंत ती टिके. मग पावसाची वाट पाहावी तशी ते पुन्हा नोव्हेंबरची वाट पाहत.

शर्यतीच्या आदल्या रात्री जेवणे उरकली की सतरंजी अंथरली जाई. तीवर काका मांडी घालून बसत. समोर रेसचे पुस्तक, ताळेबंदाची एक जुनी वही आणि एका टोकाला तांबडी व दुसऱ्या टोकाला निळी अशी ती ऑफिसातली पेन्सिल. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात त्यांना बारीक टाइप दिसत नसे. म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे. "वाच," असे ते म्हणत, आणि मी पोथी वाचावी तसा वाचावयास लागे: घोड्याचे नाव, वय, आईबाप, पाठीवरचे वजन, जॉकी, ट्रेनर आणि मागच्या धावांचे आकडे. तेव्हा वजने स्टोन-पौंडांत आणि अंतरे फर्लांगांत असत. आता किलो आणि मीटर आले. काका डोळे मिटून ऐकत. मधूनच म्हणत, "थांब. पुन्हा वाच."

पहिल्या दोन-तीन रात्री मला यात काही शहाणपण असेल असे वाटलेच नाही. मी आपला ज्याच्या नावापुढे पहिल्या नंबराचे आकडे अधिक, तो घोडा उत्तम, असे धरून चाललो होतो. काका हसले. म्हणाले, "पाचवा आला म्हणजे हरला, असे नव्हे. कोणाच्या मागे पाचवा आला? किती मागे? पाठीवर किती ओझे घेऊन? अंतर काय होते? शेवटच्या फर्लांगात तो पुढे येत होता की मागे पडत होता? एवढे विचारलेस की तो पाचवा का आला ते कळेल. आणि 'का' कळले की पुढच्या खेपेस तो कितवा येईल याचा अंदाज येतो."

मग हळूहळू तो कागद माझ्याशी बोलू लागला. सहा फर्लांगांचा घोडा आणि दहा फर्लांगांचा घोडा यांचे पिंडच वेगळे. पहिला वाफेच्या भांड्यासारखा, झाकण उडाले की संपले. दुसरा बैठकीतल्या गवयासारखा, रंगावयास वेळ घेणारा. पावसाने भिजलेले पुण्याचे मैदान ज्याला मानवते त्याला महालक्ष्मीची हिवाळ्यातली कडक जमीन मानवेलच असे नाही. नवशिक्या जॉकीला वजनात सूट मिळते. पण सुटीचे ते चार-पाच पौंड त्याच्या अननुभवात खर्च होतात की शिल्लक राहतात, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि आईबाप! काका घोड्याचे कूळ ज्या बारकाईने पाहत त्या बारकाईने आमच्या घरात कोणी मुलीचे स्थळसुद्धा पाहिले नसेल. जगातल्या यच्चयावत थरोब्रेड घोड्यांचे पितृकूळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जाऊन भिडते, हे मला त्यांनीच सांगितले. "तीनच गोत्रे," ते म्हणत, "आणि बहुतेक सगळी लग्ने सगोत्र!"

एकदा पहाटे त्यांनी मला उठवून महालक्ष्मीला नेले. धुके होते. प्रथम काहीच दिसेना. मग जमिनीतून येणारा एक मंद दणदण आवाज पायांना जाणवला, आणि धुक्यातून दोन घोडे आले नि गेले. कठड्याशी काही माणसे हातात स्टॉपवॉच घेऊन मुकाट उभी होती. कोणता घोडा किती फर्लांग किती सेकंदांत धावला, आणि मोकळा धावला की दामटला गेला, हे ती टिपून घेत होती. परतताना काका म्हणाले, "घोडा पहाटे खरे बोलतो. दुपारी जॉकी बोलतो, आणि संध्याकाळी लोक बोलतात."

या सगळ्या अभ्यासात काकांचा खरा प्रतिस्पर्धी घोडा नव्हता, तर हँडिकॅपर नावाचा एक अदृश्य गृहस्थ होता. त्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते. पण रोजच्या शेजाऱ्याविषयी बोलावे तसे ते त्याच्याविषयी बोलत. जो घोडा जिंकला त्याच्या पाठीवर हा गृहस्थ पुढच्या खेपेस वजन चढवणार. जो हरतो आहे त्याचे वजन उतरवणार. जॉकी हलका असला तर खोगिराबरोबर शिशाचे पट्टे घालून ते वजन भरून काढणार. शर्यतीपूर्वी तोलणार, शर्यतीनंतर पुन्हा तोलणार. त्याचे स्वप्न एकच: सगळे घोडे एकाच क्षणी खांबाशी पोहोचावेत. आणि काकांचे स्वप्न असे, की त्याच्या हिशेबात कोठे तरी चार पौंडांची चूक असावी आणि ती आपल्यालाच दिसावी. दिवसभर गिरणीच्या वह्यांत दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला रात्रीही तेच करावेसे वाटावे, याची मला तेव्हा मौज वाटे.

पण चूक सापडली तरी पैसा सापडतोच असे नाही, हीच या विद्येची खोच. टोटवर लावलेला सारा पैसा एका ढिगात जातो. क्लब आणि सरकार आपला वाटा काढून घेतात. उरलेला ज्यांचा घोडा आला त्यांच्यात वाटला जातो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने ही युक्ती काढली आणि ती जगभर रुजली. म्हणजे आपण घोड्याविरुद्ध खेळतच नाही. आपल्यासारख्याच हजारो माणसांविरुद्ध खेळतो. लोकांचा जो लाडका, तो फेव्हरिट, साधारण तीन शर्यतींत एकदा जिंकतो. पण तो सर्वांचाच लाडका असल्यामुळे हाती चिल्लर पडते. तेव्हा घोडा बरोबर ओळखणे पुरेसे नाही. तो इतरांनी ओळखलेला नसताना ओळखला पाहिजे. काका घोडे पुष्कळदा बरोबर ओळखत. वहीतल्या तांबड्या खुणाच ते सांगत. पण वहीत पैशांचाही एक रकाना होता, आणि त्यातली निळी पेन्सिल निराळी गोष्ट सांगे.

काकू त्या रात्री जवळच वाती वळीत बसलेल्या असत. त्या काही विचारीत नसत, काही बोलत नसत. पगाराच्या दिवशी घरखर्चाचे पैसे काका प्रथम त्यांच्या हातावर ठेवीत. उरतील त्यांतून घोडे. जिंकले तर तेही पैसे काकूंकडे. हरले तर ते आपल्याशीच. असा त्या दोघांत न बोलता ठरलेला करार होता. काकूंच्या हातांत काचेच्या बांगड्याच काय त्या होत्या. पाटल्या कोठे गेल्या हे मी कधी विचारले नाही. तो करार होण्यापूर्वीची ती गोष्ट असावी. चाळीत एक विणकर होता. त्याची बायको पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभी राही, कारण तेथून तो महालक्ष्मीला गेला की महिनाभर चूल पेटण्याची शाश्वती नसे. तिला पाहिले की काका मान खाली घालून जिना चढत.

१९६४ च्या जानेवारीत शर्यतींच्या ऐन दिवशी काकांना ताप भरला. आदल्या रात्री वाचन झाले होते. त्या दिवसाच्या सर्व शर्यती वाचून झाल्यावर त्यांनी बाकीच्या सोडून दिल्या होत्या आणि पाचव्या शर्यतीतल्या सात नंबरवर तांबडी खूण केली होती. मागच्या खेपेस हा घोडा पाचवाच आला होता. पण आखूड अंतरावर, सर्वांत जास्त वजन घेऊन, आणि शेवटी एकेकाला मागे टाकीत. आता अंतर दोन फर्लांगांनी वाढले होते आणि वजन आठ पौंडांनी उतरले होते. "लोकांना पाच हा आकडा दिसेल," काका म्हणाले, "मला आठ दिसतो आहे." सकाळी अंगावर दोन घोंगड्या घेऊन त्यांनी मला हाक मारली, उशाखालून दहा रुपयांची नोट काढली आणि म्हणाले, "तू जा. सात नंबर. विन. दुसरे काही करू नकोस."

चर्नी रोडला गाडी धरून मी महालक्ष्मीला उतरलो. स्वस्तातल्या एन्क्लोजरमध्ये ती गर्दी, तो धूर, ते शेंगदाण्यांच्या पुड्यांचे कागद. टोपीवाले, फेट्यावाले, पारशी, इराणी, सूटवाले, अनवाणी, सारे एकाच फळ्याकडे डोळे लावून बसलेले. पाचव्या शर्यतीपूर्वी घोडे फिरवीत होते तेथवर मी कसाबसा शिरलो. सात नंबर माझ्यासमोरून गेला. त्याच्या मानेवर, मांड्यांवर घामाचा पांढरा फेस आला होता. कान मागे पडलेले, डोळे भेदरलेले. धरणाऱ्या मुलाला तो फरफटत नेत होता. "गेला! हा इथेच संपला," शेजारचा एक जण म्हणाला. मागोमाग तीन नंबर आला. तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत कातडी, संथ पावले, जणू एखादा जहागीरदार पेठेतून फिरावयास निघाला आहे. सारी गर्दी तीन नंबर, तीन नंबर म्हणत होती.

मी तिकिटाच्या खिडकीशी पोहोचलो. हातात काकांची नोट. दीड तास जागून वाचलेले ते सगळे आकडे, ते अंतर, ते आठ पौंड एका क्षणात फिके पडले, आणि डोळ्यांपुढे फक्त तो फेस राहिला. मी "तीन" म्हटले.

शर्यतीचे वर्णन काय करावयाचे? शेवटच्या वळणावर सात नंबर दिसतही नव्हता. मग बाहेरच्या बाजूने एक घोडा एकेकाला मागे टाकीत येऊ लागला, थेट काकांच्या वहीत लिहिले होते तसा. अर्ध्या लांबीने तो जिंकला. तीन नंबर तिसरा आला. फळ्यावर भाव लागला: दहा रुपयांचे ५८.

परतीच्या गाडीत मी काय काय विचार केला ते आता आठवत नाही. एवढे आठवते की खरे सांगावे हा विचार मला ग्रँट रोडपर्यंत पुरला. माझ्या ट्रंकेत वडिलांनी परीक्षेच्या फीसाठी मनीऑर्डरने पाठवलेले ७० रुपये होते. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ते ७० रुपये त्यांनी कसे जमवले असतील हे मला ठाऊक होते. तरी मी ट्रंक उघडली, ५८ रुपये मोजले आणि तापलेल्या काकांच्या हातावर ठेवले.

काका उठून बसले. "कसा आला? सांग." मी सांगू लागलो, आणि मला सांगताही चांगले आले, कारण ती शर्यत मी खरोखरीच पाहिली होती. सांगण्याच्या भरात मी म्हणालो, "पण सुरुवातीला त्याला इतका घाम फुटला होता, की सगळे म्हणत होते, हा संपला."

"त्याला नेहमीच फुटतो," काका म्हणाले. "मागच्या वर्षी जिंकला तेव्हाही फुटला होता. तुला सांगावयाचे राहिले." मग ते क्षणभर थांबले. माझ्याकडे पाहिले. "आणि तो घाम पाहूनही तू त्याच्यावरच लावलेस?"

"हो," मी म्हटले.

"शाबास," काका म्हणाले, आणि ते पैसे काकूंना देऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढचे चार दिवस मी फीच्या फॉर्मकडे पाहत काढले. मुदत संपावयास दोन दिवस उरले असताना काका कामावर गेल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. फळीवरचा डाळीचा डबा काढला, त्यात हात घातला आणि नोटा माझ्यापुढे ठेवल्या. "पन्नास आहेत. आठ रुपयांचे तेल आणि साखर आणली. आधी ठाऊक असते तर आणली नसती."

मला शब्द फुटेना. बऱ्याच वेळाने विचारले, "काकू, तुम्हाला कसे कळले?"

"जिंकून आलेला माणूस जिना असा चढत नाही," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षे या जिन्यावरची पावले ऐकते आहे मी. पहिल्या मजल्यावर असतानाच मला कळते, आज काय झाले ते." आणि मग आवाज खाली आणून, "त्यांना मात्र यातले काही कळू देऊ नकोस. इतक्या वर्षांत त्यांनी एवढी मोठी रक्कम आणलेली नाही."

फी भरली गेली. आठ रुपये मी महिनाभर पायी कॉलेजात जाऊन उभे केले. हिशेबाने पाहिले तर सर्व व्यवहारात घराचे फक्त दहा रुपये बुडाले, आणि तेवढे तर दर खेपेस बुडतच. पण त्या दिवसापासून काकांच्या विद्येविषयी माझे मत बदलले. घरात रात्र रात्र जागून, वजने नि वंशावळी तपासून एक माणूस उद्याचा निकाल आज शोधीत होता. आणि त्याच घरात, हातातली वात न सोडता, दुसरे एक माणूस केवळ पायऱ्यांवरच्या आवाजावरून तो निकाल बिनचूक सांगत होते. तिच्या वाचण्याला मात्र रकाना नव्हता.

पुढच्या आठवड्यात काका बरे झाले. मी सतरंजी अंथरली, पुस्तक उघडले. वाचून झाल्यावर ते सहज म्हणाले, "उद्या मीच जाईन. तू वाचतोस चांगले. पण वाचलेले डोळ्यांना विसरू देऊ नये." त्यांना कळले होते की काय? की ते केवळ एक सर्वसाधारण वचन होते, जशी ते नेहमीच बोलत? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. पण घोड्यांचे आकडे मला जसे वाचता येऊ लागले होते, तसा तो चेहरा कधी वाचता आला नाही.

काका १९७९ साली गेले. १९४३ सालच्या पहिल्या इंडियन डर्बीची आठवण त्यांच्या बोलण्यात अखेरपर्यंत येई: बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी ती जिंकली, आणि काकांनी रेसकोर्सवर पहिले पाऊल टाकले ते त्याच दिवशी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या दैवाचा नव्हे. मी तो वर्तमानपत्रातून काकूंना वाचून दाखवला. त्या तेव्हा ऐंशीच्या होत्या. वाटले, नवऱ्याच्या उभ्या आयुष्यावर कोर्टाने शिक्कामोर्तब केले म्हणून त्यांना बरे वाटेल. त्या हसल्या. म्हणाल्या, "कौशल्य होतेच रे. पण कोर्टाला डाळीचा डबा सांभाळावा लागत नाही." पुढे २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सरकारने रेसला पुन्हा लॉटरीच्या पंगतीला नेऊन बसवले. ते ऐकावयास काकूही राहिल्या नव्हत्या.

१८८३ पासूनचे ते महालक्ष्मीचे मैदानही आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्याच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ साली सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेले. तेथे मुले खेळतील, म्हातारे फिरतील. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. उरलेल्या जागेत नोव्हेंबर आला की घोडे येतातच. आणि मीही, पैसे न लावता, शर्यतीच्या आदल्या रात्री कागद घेऊन बसतो. अंतर पाहतो, वजन पाहतो, पाचव्या आलेल्या घोड्यापुढे थांबून 'का' म्हणून विचारतो. एका घोड्यावर तांबडी खूण करतो. पैशांचा रकाना मी आखलेलाच नाही. कधी घोडा येतो, कधी येत नाही. आला की पुष्कळ वेळ बरे वाटते. आणि मग, त्याच ओघात, साठ वर्षांपूर्वीचा तो तापलेला हात आठवतो.

अटीतटीच्या शर्यतीत दोन घोडे एकदम खांबाशी आले तर फोटो पाहून निकाल देतात. काकांच्या त्या 'शाबास'चा फोटो कोणी काढला नव्हता. तो निकाल अजून लागावयाचा आहे.